थायरॉइडचे वादळ आणि हृदय

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. घरात जे पाहिले आणि डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, तेवढेच सांगणार आहे.

माझ्या धाकट्या जावेची थायरॉइडची ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करीत असे. गोळ्यांनी बरे वाटू लागताच तिने त्या आपल्याच मनाने बंद केल्या. नारळी पौर्णिमा झाली, मासळीचे काम वाढले, त्यातच ताप-खोकला आला. तिसऱ्या रात्री ती तापाने फणफणली, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. 'बाहेरचे काही असेल,' असे कोणी म्हणाले. पण दिरांनी ऐकले नाही. तडक गाडी करून पालघर गाठले.

नाडी १६०, तीही अनियमित, फुप्फुसांत पाणी. डॉक्टर म्हणाले, "हे थायरॉइडचे वादळ. उपचार होऊनही दहांत एखादा रोगी दगावतो."

मी विचारले, "मग ठोके लगेच का उतरवीत नाही?"

"बाई, थकलेले हृदय त्या वेगावरच तग धरून असते. एकदम लगाम खेचला तर ते बसेल."

म्हणून त्यांनी आधी हृदयाची सोनोग्राफी केली; मग ठोके कमी करणारे, लवकर उतरणारे औषध थोडे थोडे शिरेतून दिले. सोबत ग्रंथीचे काम रोखणारी गोळी, आणि तासाभराने आयोडीन. आयोडीन आधी दिले तर ग्रंथी त्याचाच कच्चा माल करते! शिवाय स्टेरॉइड, प्राणवायू आणि जंतुसंसर्गावर औषध. तापाला ॲस्पिरिन मात्र दिले नाही, कारण त्याने रक्तातला थायरॉइडचा जोर वाढतो. अनियमित ठोक्यांनी हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, म्हणून तिकडेही लक्ष ठेवले.

डब्लिनच्या डॉ. ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली गळ्याची ग्रंथी वाढलेल्या तीन स्त्रियांची हकीकत लिहिली. त्यांनाही छातीची जोराची धडधड होती. तेव्हा यावर नेमके औषध नव्हते, आज आहे.

तेव्हा भगिनींनो, गोळी आपल्या मनाने सोडू नका. ताप, धडधड आणि भ्रम एकत्र दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णालयात जाताच थायरॉइडचा विकार आहे हे आधी सांगा.

माझी जाऊ आज याच सभेत बसली आहे. सकाळची गोळी घेऊनच आली आहे, मी विचारून घेतले!