मूळ स्थितीतली मोटार

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत अधूनमधून अशी एक जाहिरात दिसते : “जुनी फियाट मोटार, एकाच मालकाची, मूळ स्थितीत, विकणे आहे.” पुष्कळजण ती वाचून पान उलटतात. मोटार हा शहरातल्या हौशी लोकांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. पण जरा थांबा. शहरात जुनी गाडी ठेवायला जागा कोठे असते? तिथल्या गाड्या राबून राबून झिजल्या आणि भंगारात गेल्या. जी एखादी धडकी राहिली ती पुष्कळदा तालुक्याच्या गावी, वाड्याच्या पडवीत किंवा बंद पडलेल्या गिरणीच्या छपराखाली उभी असते. म्हणजे ही जाहिरात देणारा माणूस तुमच्या आमच्यापैकीच असण्याचा संभव आहे. तेव्हा “मूळ स्थितीत” ह्या दोन शब्दांचा अर्थ काय आणि त्यांची किंमत काय, हे आज आपण पाहू.

आधी ह्या गाडीची थोडी ओळख करून घेऊ. शेठ वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईला कुर्ल्याला. इटलीतल्या फियाट कंपनीशी करार करून १९५० नंतरच्या दशकात ह्या कारखान्यातून फियाट ११०० ही गाडी बाहेर पडू लागली. पहिल्या गाड्यांचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे पुढून मागे उघडणारे होते. त्या गोल नाकाच्या गाडीला लोक प्रेमाने “डुक्कर फियाट” म्हणत. पुढे १९६४ साली सरळ रेषांचा, सुलट दरवाजांचा नवा नमुना आला. त्यालाच १९७४ पासून चितोडच्या राणीवरून “प्रीमियर पद्मिनी” हे नाव मिळाले. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे चाळीस अश्वशक्ती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, त्यामुळे पुढे सलग बाक. त्या बाकावर चालकाशेजारी आणखी दोन माणसे सहज मावत, आणि लग्नसराईत किती मावत ते विचारूच नका!

त्या काळी गाडी पाहिजे म्हणून पैसे मोजले आणि घरी आणली असे नव्हते. नाव नोंदवायचे आणि कित्येक वर्षे वाट पाहायची. म्हणूनच ज्या घरी ती आली त्या घरी तिला दसऱ्याला झेंडूची माळ पडे आणि सर्व्हो काढायला सुद्धा कोणा परक्याचा हात लागू देत नसत. मुंबईत तर काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनीच, असे समीकरण होते. पुढे नव्या गाड्या आल्या, कुर्ल्याचे उत्पादन थांबले, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली. जी वस्तू गल्लोगल्ली होती तिच्याकडे कोणी पाहिले नाही. ती नाहीशी झाल्यावर मात्र लोक शोधू लागले. जगाची रीतच अशी आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. जुन्या गाड्या तीन प्रकारच्या असतात. पहिली, नुसती चालती ठेवलेली : इंजिन दुसरे, गाद्या तिसऱ्या, दिवे चौथ्याच गाडीचे. दुसरी, नव्याने सजवलेली : सगळी खोलून, रंगवून, चकचकीत केलेली. आणि तिसरी, मूळची. म्हणजे कारखान्यातून जशी निघाली तशी, त्याच रंगात, त्याच इंजिनासह, त्याच गाद्यांवर बसून वयस्क झालेली. तिचा रंग उन्हाने थोडा उडालेला असेल. बाकाच्या ज्या कोपऱ्यावर मालक पन्नास वर्षे बसला तो कोपरा झिजलेला असेल. पण हे दोष नव्हेत, ह्या तिच्या आयुष्याच्या खुणा आहेत. घरातल्या जुन्या पोथीची शाई फिकी झाली म्हणून आपण तिच्यावर बॉलपेनने गिरवत बसत नाही. तसेच हे.

सजवलेली गाडी वाईट, असे माझे म्हणणे नाही. जी कुजली असेल तिला सजवल्यावाचून गत्यंतर नसते. पण सजावट आज करता येते, उद्या करता येते, दहा वर्षांनी पुन्हा करता येते. मूळपण मात्र एकदाच असते. एकदा पत्रा खरवडला की कारखान्याचा तो रंग कितीही पैसे मोजले तरी परत येत नाही. जगभरच्या जुन्या वाहनांच्या संघटनांचा एक महासंघ १९६६ सालापासून आहे. त्याने २०१२ साली “ट्युरिन सनद” नावाची एक आचारसंहिता मान्य केली. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली जी “व्हेनिस सनद” झाली तिचाच तो कित्ता आहे. तिचा मथितार्थ थोडक्यात असा : जे शाबूत आहे ते जपा, दुरुस्ती लागेल तेवढीच करा, आणि काय बदलले त्याची नोंद ठेवा. देवळाच्या जुन्या दगडी खांबांना ऑइलपेंट फासणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे असे हे तीन नियम आहेत.

मग मूळची गाडी ओळखायची कशी? ह्याला यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. डोळे उघडे हवेत. घरातले एक साधे लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे खाली पत्रा नाही, लांबी भरलेली आहे असे समजा. दरवाजा उघडून बिजागरीजवळ, डिकीच्या आत आणि बॉनेटच्या खाली रंग पाहा. बाहेर एक आणि आत दुसरा रंग असला, तर गाडी पुन्हा रंगवलेली आहे. किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, तो फिरवता येतो. त्याऐवजी पायाखालच्या पेडलचे रबर पाहा. आकडा तीस हजार सांगतो आणि रबर पार झिजून गुळगुळीत झाले आहे, हे एकत्र नांदत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडीखाली वाकून पाहा. बैलगाडीला जशी साटी वेगळी आणि वरचा सांगाडा वेगळा, तशी मालमोटारीला चासी वेगळी असते. फियाटचे तसे नाही. तिची बॉडी हीच तिची चासी. म्हणून पायाखालचा तळपत्रा आणि दरवाजाखालचे उंबरे गंजले असतील तर तो केवळ दिसण्याचा दोष नव्हे. गाडीचा कणाच मोडला असे समजायचे. पायपुसणी उचला आणि तळाला बोटाने दाबून पाहा. कोकणासारख्या दमट हवेत राहिलेली गाडी असेल तर हे आधी करा.

त्यानंतर कागद. इंजिनावर आणि बॉडीवर क्रमांक कोरलेले असतात. ते नोंदणी पुस्तकातल्या क्रमांकांशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तर निम्मे काम झाले. १९८९ सालापूर्वी आपल्याकडे गाडीच्या पाटीवर तीन अक्षरे आणि त्यापुढे आकडे असत. आजच्यासारखे राज्य आणि जिल्हा सांगणारे क्रमांक त्यानंतरचे. ती जुनी पाटी, खरेदीची पावती, दुरुस्तीची बिले, कारखान्याने दिलेले माहितीपुस्तक, जॅक आणि पान्यांची पिशवी हे सारे गाडीइतकेच मोलाचे आहे. माळ्यावर असेल तर रद्दीवाल्याच्या तराजूत घालू नका.

कायदाही आता ह्या बाबतीत स्पष्ट झाला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली आणि जिच्या इंजिनात, चासीत वा बॉडीत मोठा फेरबदल झालेला नाही, अशी खाजगी मोटार किंवा दुचाकी “व्हिंटेज” म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. पुढे नूतनीकरणाला पाच हजार. नव्याने नोंदलेल्या गाडीला “व्हीए” अक्षरांचा क्रमांक मिळतो. पूर्वी नोंद असलेलीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी मेळ्यात, प्रदर्शनात, अभ्यासासाठी किंवा दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामाला किंवा भाड्याने मात्र वापरता येत नाही. विक्रीला मुभा आहे, पण घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने नव्वद दिवसांच्या आत परिवहन खात्याला कळवले पाहिजे. पाहा, ह्या नियमातसुद्धा मुख्य शब्द आला तो “मूळ रूप” हाच. म्हणजे जी गाडी आपण हौसेने बदलून टाकू ती ह्या मानालाही मुकण्याचा संभव.

आता अशी कल्पना करा. तालुक्याच्या गावी एक डॉक्टर होते. १९७४ साली त्यांनी पद्मिनी घेतली. तिच्यातून ते रात्री-अपरात्री खेड्यापाड्यांतले रोगी पाहायला गेले. डॉक्टर गेले, गाडी पडवीत राहिली. मुले पुण्या-मुंबईला. एक दिवस घर आवरायचे ठरते आणि गाडी विकायची असे होते. तेव्हा दारात दोन माणसे येतात. एक म्हणतो, “ताई, हे भंगार आहे, किलोच्या भावाने नेतो.” दुसरा म्हणतो, “आधी रंग मारून घ्या, नव्या गाद्या टाका, चांगली किंमत येईल.” पहिला फसवतो हे आपल्या ध्यानात येते. दुसरा आपला हितचिंतक वाटतो. पण नुकसान दोघांपासूनही सारखेच! जाणता गिऱ्हाईक ताज्या रंगाला भितो, कारण रंगाखाली काय झाकले आहे हे त्याला कळत नाही. तो उडालेल्या रंगावर विश्वास ठेवतो.

म्हणून विकणाऱ्याने तीनच गोष्टी कराव्यात. गाडी स्वच्छ पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावी, पॉलिशच्या यंत्राखाली घालू नये. मालक हयात नसेल तर आधी गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी. आणि जाहिरातीत खरे लिहावे. डावा उंबरा गंजला आहे, बॅटरी नवी आहे, मागचा दिवा बदललेला आहे, हे सारे सांगून टाकावे. दोष सांगितल्याने किंमत पडते अशी आपली समजूत असते. पण “मूळ स्थितीत” हे शब्द टिकतात ते ह्या कबुलीवर. एक लपवलेली गोष्ट सापडली की गिऱ्हाईक उरलेल्या नव्व्याण्णव खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

आणि एक सावधगिरी. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी गिऱ्हाईक आले म्हणून धक्का मारून चालू करू नका. टाकीतले जुने पेट्रोल काढा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, एक रात्र मुरू द्या, मग इंजिन हाताने हळूहळू फिरते का ते पाहा. ब्रेकचे रबर वाळून चिरलेले असते. ते बदलल्याशिवाय गाडी उतारावर नेणे म्हणजे जिवाशी खेळ. पेट्रोलच्या नळ्याही तपासा. आपल्या उसाच्या मळीपासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये शेकडा वीसपर्यंत मिसळतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती चांगलीच गोष्ट. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराला ते मानवत नाही. नळी फुगते, गळते आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर अनर्थ होतो. अशा नळ्या बदलाव्यात आणि काढलेल्या जुन्या नळ्या एका डब्यात, चिठ्ठी लावून ठेवाव्यात. सुरक्षिततेसाठी केलेला आणि नोंदवून ठेवलेला बदल मूळपणाला बाधा आणीत नाही.

शिक्षकमित्रांना एक विनंती. तुमच्या गावात अशी गाडी असेल तर ती विकली जाण्यापूर्वी मालकाच्या परवानगीने एकदा सातवी-आठवीची मुले घेऊन तिथे जा. आजच्या मोटारीचे बॉनेट उघडले तर प्लास्टिकची झाकणे दिसतात. ह्या गाडीत सगळे उघड आहे. हवा आणि पेट्रोल कोठे मिसळते, ठिणगी कोठून निघते, पट्टा पंख्याला कसा फिरवतो, पाणी कोठे थंड होते, हे बोट ठेवून दाखवता येते. पुस्तकातली इंजिनाची आकृती मुलांनी पाठ केलेली असते. तीच आकृती वंगणाच्या वासासकट समोर उभी राहिली की तिचा अर्थ कळतो.

श्रोतेहो, वस्तू जुनी झाली की विकावी लागते. त्यात कमीपणा काही नाही. सगळेच वाडे आणि सगळ्याच गाड्या आपण सांभाळू शकत नाही. पण ज्याच्या हाती द्यायची त्याला ती आहे तशी द्यावी, तिच्या खुणांसकट, कागदांसकट आणि दोषांसकट. रात्री खेड्याच्या वाटेने गेलेल्या त्या दिव्यांची काच मूळचीच आहे, एवढे पुढच्या मालकाला खात्रीने सांगता आले, तर सौदा दोघांच्याही फायद्याचा झाला असे समजावे.