जुन्या मोटारीचा गियरबॉक्स बसविताना

जुनी मोटार आणि आजची मोटार यांतला फरक पुष्कळांना तिच्या दिव्यांत आणि चाकांत दिसतो. खरा फरक हाताला कळतो, तो गियर बदलताना.

फोर्डची ‘मॉडेल ए’ घ्या. ती डिसेंबर १९२७ मध्ये बाजारात आली. तिला पुढे जाण्याचे तीन गियर आणि मागे येण्याचा एक. गियरचे वेग आपोआप जुळविणारी ‘सिंक्रोमेश’ योजना कॅडिलॅकने १९२८ साली आणली. मॉडेल एमध्ये ती नाही. तेव्हा क्लच दोनदा दाबायचा, इंजिनाचा वेग अदमासाने जुळवायचा आणि मग गियर टाकायचा. अदमास चुकला की करकर आवाज होतो, दात झिजतात आणि एके दिवशी गियरबॉक्स उतरविण्याची पाळी येते.

उतरविणे कष्टाचे खरे. मागचा आस सरकविल्याशिवाय तो निघत नाही. पण कसोटी लागते ती परत बसविताना. गियरबॉक्समधून पुढे आलेल्या दांड्याच्या खाचा क्लच प्लेटच्या खाचांत शिरल्या पाहिजेत आणि त्याचे टोक फ्लायव्हीलमधल्या बेअरिंगमध्ये गेले पाहिजे. १९२८ अखेरीनंतरच्या मॉडेल एमध्ये ही प्लेट एकच असते आणि ती केवळ दाबाने धरलेली असते. ती जराशी बाजूला राहिली, तरी टोक पोचत नाही. म्हणून क्लचचे बोल्ट आवळण्यापूर्वीच एखादा जुना दांडा, नाहीतर लेथवर कातलेला लाकडी गज घालून प्लेट मध्यावर आणून ठेवावी.

मग गियरबॉक्स जॅकवर समपातळीत धरावा आणि दांडा किंचित फिरवीत पुढे न्यावा. सारे नीट जुळले असेल तर तो अलगद आत जातो.

आणि नाही गेला तर? इथेच माणसाचा धीर सुटतो. ‘बोल्ट आवळले की येईल ओढला,’ असे वाटते. असे मुळीच करू नका. प्लेट वाकते, प्रसंगी ओतीव लोखंडाचा कान मोडतो. गियरबॉक्सचा भार दांड्यावर लोंबकळत ठेवला तरी प्लेट वाकतेच. वाकलेल्या प्लेटचा क्लच पुरता सुटत नाही. म्हणजे जी करकर घालवायला एवढा खटाटोप केला, तीच पुन्हा कानांवर येणार!

शेवटी वंगण. या गियरांना दाट तेलच हवे; पातळ तेलात ते लवकर मंदावत नाहीत आणि गियर टाकताना दात वाजतात.

गियरबॉक्स आत जात नसेल, तर तो बाहेर घ्या, प्लेट पुन्हा मध्यावर आणा. तास गेला तरी चालेल; मोडलेला भाग मात्र सहजी मिळायचा नाही.