साखर गेली, नशा नाही

‘डाएट’ हा शब्द आता ताटातून पेल्यात उतरला आहे. रम किंवा व्होडका घ्यायची, पण सोबतचा कोला बिनसाखरेचा मागवायचा, की थोडं पथ्य पाळल्याचं समाधान मिळतं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ३०० मिलिलिटर साध्या कोल्यात तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. ती नक्कीच वाचते. पण या हिशेबाला दुसरीही बाजू आहे.

मद्य मुख्यतः शोषलं जातं ते लहान आतड्यात. साखरेचं पेय जठर सावकाश पुढे सोडतं. बिनसाखरेचं पेय मात्र लवकर पुढे सरकतं, आणि त्याच्याबरोबर मद्यही.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी २००६ मध्ये हे मोजून दाखवलं. आठ निरोगी पुरुषांना त्यांनी व्होडका एकदा साखरेच्या आणि एकदा बिनसाखरेच्या पेयातून दिली. साखरेचं पेय जठरातून निम्मं रिकामं व्हायला सुमारे ३६ मिनिटं लागली, बिनसाखरेच्या पेयाला २१. रक्तातल्या मद्याचं सर्वोच्च प्रमाण १०० मिलिलिटरमागे अनुक्रमे ३४ आणि ५३ मिलिग्रॅम भरलं. मद्य मात्र दोन्ही वेळा तेवढंच होतं! आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे गाडी चालवण्यापुरतं बोलायचं, तर दोन्ही पेले मर्यादेबाहेरचेच.

खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये सोळा जणांवर असाच प्रयोग झाला. बिनसाखरेच्या पेयानंतर श्वासातलं मद्य सुमारे १८ टक्के जास्त आढळलं. पण त्या माणसांना स्वतःला काहीच फरक जाणवला नाही; दोन्ही वेळा नशा सारखीच वाटली. ‘मला काही चढलेली नाही’ या आपल्या नेहमीच्या वाक्यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

हे दोन्ही प्रयोग लहान होते, हे खरं. आणि यावरून कुणी साखरेचा कोला मागवावा, असंही मला सुचवायचं नाही. साखरेचे तोटे आहेत तसेच आहेत. साध्या सोड्यात नि पाण्यातही साखर नसतेच. सांगायचं एवढंच, की ‘डाएट’ ही चिठ्ठी कोल्याची आहे, मद्याची नव्हे. घ्यायचीच असेल, तर आधी जेवून घ्या. नुसत्या चखण्यावर भागवू नका. पेग मोजून घ्या. आणि पेला कोणताही असो, परतताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या.