साहेब गेला, त्याची नजर राहिली
(तालुका शिबिरात केलेले भाषण)



जंगलाचं धोरण कसं ठरतं यावर मला बोलायला सांगितलंय. कायदा कागदावर येतो, पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात आधीच काहीतरी बसलेलं असतं. मी त्या डोक्याबद्दल बोलणार हाय.

इंग्रजाला जहाजासाठी, रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड पाहिजे होतं. आपण राबासाठी फांद्या तोडायचो, मोहाची फुलं वेचायचो. ते त्याच्या आड आलं. मग त्यानं ठरवलं की हे लोक अडाणी, जंगल जाळणारे, चोर. एकदा चोर म्हटलं की विचारायची गरजच राहत नाही. 1878 चा कायदा तसाच, 1927 चाही तसाच. वॉरंट नसताना अटक करायचं कलम त्यात अजून हाय.

1947 ला इंग्रज गेला. तर आपल्या सरकारच्या 1952 च्या वनधोरणात काय आलं? गाव जंगलाला लागून आहे हा निव्वळ योगायोग, त्यानं देशाचा हक्क कमी होत नाही. म्हणजे आपला वाघोबा, आपलं मसण, सगळा योगायोग! इंग्रजाच्या 1894 च्या धोरणात शेतीसाठी जंगलजमीन सोडायला निदान वाव होता (महसुलासाठी, आपल्या प्रेमापोटी नाही). आपल्या लोकांनी तोही आवळला. मला वाटतं, नवा साहेब जुन्या खुर्चीत बसला आणि कडक वागलं तरच आपण साहेब, असं त्याच्या मनानं घेतलं.

1988 च्या धोरणात जंगलाजवळच्या लोकांचं सरपण, चारा, गौण वनउपज यांना पहिला मान दिला. कागद बदलला. नाक्यावरच्या गार्डाला मात्र मोळी दिसली की चोरच दिसतो.

पण एकट्या गार्डाला काय बोलायचं? आपला म्हातारा पण सांगतो, "माझं दोन एकर अतिक्रमण हाय." जमीन बापजाद्यांची, नाव फॉरेस्टनं दिलेलं! साहेब आला की आपण चपला काढून गप उभे. तो म्हणतो, यांना काही कळत नाही. आपण बोलत नाही, म्हणून त्याला तेच खरं वाटतं, आणि वर तसाच रिपोर्ट जातो.

दंडाच्या पावत्या लाजेनं लपवू नका, चुलीत घालू नका. पावतीवर तारीख हाय, गाव हाय. त्या साली आपण ती जमीन कसत होतो हे खात्यानंच लिहून दिलंय. पुढच्या बैठकीला पेटीतून काढून आणा. म्हाताऱ्यांना, म्हाताऱ्यांपेक्षा म्हाताऱ्या बायांना घेऊन या. शेताशेताची जुनी नावं लिहून घ्यायची हायत.

जिंदाबाद.