आकाशाचा माहितीसाठा आणि समान संधी



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने खगोलशास्त्रावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझा आजचा विषय तारे नसून ताऱ्यांविषयीच्या माहितीची वाटणी हा आहे. आणि वाटणी हा तर अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न.

चिलीतील सेरो पाचोन पर्वतावरील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. तिच्या दहा वर्षांच्या सर्वेक्षणात दर रात्री सुमारे २० टेराबाइट माहिती गोळा होणे अपेक्षित आहे. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची जोडणी असलेल्या महाविद्यालयाने एकाच रात्रीची माहिती उतरवून घ्यायची म्हटली, तरी अखंड अठरा दिवस लागतील. म्हणजे माहिती खुली झाली, तरी ती हाती येतेच असे नाही.

यावरील उपायाचा पाया स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या प्रकल्पाने घातला. संगणकतज्ज्ञ जिम ग्रे आणि खगोलशास्त्रज्ञ अलेक्झांडर सालाय यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये त्याचा माहितीसाठा इंटरनेटवर खुला झाला. त्यांचे सूत्र साधे होते : माहिती संशोधकाकडे नेण्याऐवजी संशोधकाचा प्रश्न माहितीकडे न्यावा. पुढे संशोधकांना त्याच संगणकावर स्वतःची जागा मिळाली आणि तेथील निष्कर्ष सहकाऱ्यांना दाखविण्याची सोय झाली. निरनिराळ्या देशांतील साठे परस्परांशी जोडले जावेत, यासाठी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय आभासी वेधशाळा संघटना स्थापन झाली. तिच्या समान मानकांच्या कार्यात भारतही सहभागी झाला. पुण्याची आयुका ही संस्था आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी यांनी मिळून त्यासाठी संगणकप्रणाली विकसित केल्या.

या व्यवस्थेचे फलित केवळ तज्ज्ञांपुरते राहिले नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी झू उपक्रमात सामान्य नागरिकांनी स्लोनच्या सुमारे नऊ लाख दीर्घिकांच्या वर्गीकरणास हातभार लावला. हानी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला त्यात एक अपरिचित हिरवट वायुमेघ आढळला आणि तो संशोधनाचा विषय ठरला.

आता अर्थशास्त्राकडे वळू. एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी माहिती कमी होत नाही. या अर्थाने ती सार्वजनिक वस्तूसारखी आहे. मात्र ज्या संगणकावर ती तपासायची, त्याचा वेळ आणि साठवणक्षमता मर्यादित असते. एकाने घेतलेला तास दुसऱ्याला मिळत नाही. दुर्मीळता नाहीशी झालेली नाही. ती माहितीकडून संगणनाकडे सरकली आहे. शिवाय प्रवेशाचे नियमही असतातच. रुबिनची सविस्तर माहिती पहिली दोन वर्षे प्रामुख्याने अमेरिका व चिलीतील संशोधकांना आणि योगदान देणाऱ्या परदेशी भागीदारांना उपलब्ध राहते. आकाशातील बदलांच्या सूचना मात्र लगेच सर्वांना मिळतात.

भारताला हा प्रश्न लवकरच स्वतः सोडवावा लागेल. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात उभारल्या जात असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पात सहभागासाठी केंद्र सरकारने सुमारे १,२५० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली असून, या दुर्बिणीच्या माहितीसाठी भारतात प्रादेशिक केंद्र उभारण्याचे नियोजन आहे. तेथील संगणनाचा वेळ कोणाला, कोणत्या निकषावर मिळणार? तो केवळ नामांकित संस्थांमध्ये वाटला गेला, तर जिल्ह्याच्या ठिकाणचा विद्यार्थी खुल्या दारासमोर उभा राहूनही बाहेरच राहील. म्हणून त्या वेळेतील काही वाटा लहान महाविद्यालयांसाठी राखावा, तेथील शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे आणि साठ्याच्या देखभालीसाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद करावी, असे मला वाटते. दुर्बीण एकदाच बांधली जाते. माहिती मात्र दररोज सांभाळावी लागते.

मित्रहो, आपल्यापैकी काहीजण उद्या प्रशासनात असतील. एखादी सार्वजनिक सुविधा ‘सर्वांसाठी खुली’ असल्याचे फाईलवर लिहिताना, ती प्रत्यक्षात कोण वापरू शकते, हा प्रश्न आधी विचारा.