स्वमग्न मूल आणि त्याचे आईबाप

रिसोडसारख्या तालुक्याच्या गांवीं मूल अडीच वर्षांचें होऊनहि बोलूं लागलें नाहीं, तर घरांतील वडील मंडळी धीर देतात कीं, त्याचा काकाहि उशिरांच बोलला होता. आईला मात्र वेगळेंच कांहीं खटकत असतें. हांक मारली तर मूल वळून पाहत नाहीं. परंतु शेजारच्या खोलींत बिस्किटांचा पुडा उघडला कीं त्याला बरोबर ऐकूं येतें. म्हणजे तें बहिरें नव्हे. डब्याचें झांकण तें तास तास फिरवीत बसतें आणि कुकरची शिटी होतांच कानांवर हात ठेवून आक्रोश करतें. मग नवस होतात, गंडेदोरे होतात, वाशीम-अकोल्याच्या फेऱ्या होतात. आणि एके दिवशीं डॉक्टरांच्या तोंडून 'स्वमग्नता' हा शब्द कानीं पडतो. शब्द तितकासा न्याय्य नाहीं. मूल जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्या सुखांत रमलें आहे असा त्यांतून भास होतो. वस्तुतः जगाचा गलबला त्याला कित्येकदां इतरांहून अधिक बोंचत असतो.

अमेरिकेंतील डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अशा ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील पहिला मुलगा मिसिसिपी राज्यांतील फॉरेस्ट या लहानशा गांवचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वकील पित्यानें ३३ पानांचें पत्र लिहून मुलाच्या बारीकसारीक संवयी डॉक्टरांस कळविल्या होत्या. शास्त्राचा आरंभ असा एका बापाच्या निरीक्षणांतून झाला. तरीहि पुढें दोष आईबापांच्याच माथीं आला. मायेचा ओलावा कमी पडल्यामुळें मूल असें होतें, हें मत ब्रूनो बेटेलहाइम यांनीं १९६७ सालच्या ग्रंथांत हिरिरीनें मांडलें. वास्तविक स्वतः अशा मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनीं १९६४ मध्येंच कारण मेंदूच्या घडणींत शोधावें, संगोपनांत नव्हे, असें प्रतिपादिलें होतें. शास्त्र आज रिमलंड यांच्या बाजूचें आहे. सुनेला मात्र 'गरोदरपणीं काय खाल्लेंस?' हा प्रश्न चुकत नाहीं.

डोनाल्डची पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तिसऱ्या वर्षीं त्याला संस्थेंत ठेवलें होतें; सुमारें वर्षानें आईबापांनीं घरीं परत आणलें. पुढें तो एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद, म्हणून त्यांनीं त्याला विहीर खणावयास लावून तिची खोली मोजूं दिली; नांगरतांना मक्याच्या ओळी मोजण्याची मुभा दिली. तो पदवीधर झाला, गांवच्या बँकेंत नोकरीस लागला आणि २०२३ सालीं ८९ व्या वर्षीं फॉरेस्टमध्येंच वारला.

आपल्याकडील आईबापांची झोंप उडविणारा प्रश्न 'आमच्यामागें कोण?' हा असतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें, मूल १८ वर्षांचें झाल्यावर पालक नेमण्याचें काम ज्या स्थानिक समितीकडे दिलें आहे, तींत जिल्हाधिकारी असतात. म्हणजे रिसोडकरांना वाशीम गांठावें लागतें. अर्ज करणें तसें अवघड नाहीं. पालक म्हणून नांव कोणाचें घालावयाचें, तेथें लेखणी अडते. धाकट्या भावाचें घालावें, तर त्याचें लग्न व्हावयाचें असतें. आणि मुलीकडच्यांना ही गोष्ट आधीं सांगावी कीं मागाहून, यावर घरांत अजून एकमत झालेलें नसतें.