निलंग्याचा दगड

जुना दगड बघायचा म्हटलं की लोक वेरूळला निघतात, खिशात पैसे असले तर थेट आयर्लंडच्या न्यूग्रेंजला. आपण आज निलंग्यातच थांबू.

इथलं नीलकंठेश्वर मंदिर चालुक्य काळातलं. तीन गाभारे, आणि बाहेरची भिंत ताऱ्यासारखी कोनाकोनात वळलेली. लगेच आत शिरू नका. आधी बाहेरून एक चक्कर मारा. ऊन तिरपं असलं की सुरसुंदरी काय उठून दिसतात! पुढं औशाच्या बाजूला खरोसा. तिथली लेणी जांभ्यातली, हा दगड झिजतो फार, त्यामुळं वेरूळसारखे रेखीव चेहरे तिथं शोधू नयेत.

पण खरं सांगू का, आपल्याकडं दगड म्हटलं की आधी किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. हजारो माणसं गेली, बहुतेक स्वतःच्याच भिंतींखाली. भिंती चांगल्या जाड होत्या हो! पण ओबडधोबड दगड नुसत्या मातीत रचलेले, आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारा आडवा दगड नाही, वर माळवदाचं ओझं. हादरा बसला आणि भिंती फुटल्या. देवळाचा दगड घडीव, एकमेकांत बसवलेला. म्हणजे घात दगडानं नाही, रचनेनं केला. तरी पुढं कित्येक जण पत्र्याखालीच झोपत राहिले, आणि त्यांना हे कोण समजावणार?

जाणार असाल तर श्रावणातला सोमवार टाळा. दर्शन होतं, पण गर्दीत भिंती दिसत नाहीत.